सह्याद्रीतल्या पावसासाठी घरी शिवलेला हलका पाँचो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाँचो म्हणजे मधे डोक्यासाठी भोक असलेलं, बॅगेसकट अंगावर घ्यायचं सलग कापड. जून तोंडावर आला की ओळखीपाळखीतून त्याविषयी तेच प्रश्न येऊ लागतात. कापड कुठलं घेऊ, किती घेऊ, घरच्या मशीनवर जमेल का? स्वतःसाठी तीन आणि मित्रमैत्रिणींसाठी काही पाँचो शिवल्यावर हाताला जे कळलं, ते इथे मांडलंय. मापं सेंटिमीटरमध्ये दिली आहेत. शिवताना इंच आणि सेंटिमीटर एकत्र वापरू नका, टेपची एकच बाजू धरा.

रेनकोट असताना पाँचो कशाला?

पाठीवरच्या बॅगेसाठी. रेनकोटावरून बॅग चढवावी लागते. पट्टे खांद्यावर दाबून बसतात आणि नेमक्या त्याच जागी कापड पाण्यापुढे हार मानतं. पाठ आणि बॅग यांच्या फटीतून ओघळणारं पाणी कमरेपर्यंत पोचतं. पाँचो मात्र माणूस आणि बॅग दोघांनाही वरून झाकतो. पट्टे कापडाच्या आत राहतात, त्यामुळे कापडावर दाबच येत नाही. खालून आणि बाजूंनी वारा खेळत राहतो.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. मावळात आणि कोकणात भातलावणी इरल्याखालीच होत आली. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पानं दाबून बसवलेलं इरलं डोक्यापासून पाठीवर उतरतं. पुढून ते उघडं असतं, म्हणून हात मोकळे राहतात, आणि वाकलेली पाठ पूर्ण झाकली जाते. अंगाला ते चिकटत नाही, त्यामुळे आत घुसमटही होत नाही. पाँचोचं माप ठरवताना हे इरलं डोळ्यांपुढे ठेवा : मागून लांब, पुढून आखूड, अंगापासून सुटं.

मग पाँचो सगळीकडे चालतो का?

नाही. पाँचो घातला की स्वतःची पावलं दिसत नाहीत. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) लोखंडी शिड्यांवर, रतनगडाच्या शिडीवर किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या हात टेकत चढायच्या जागी पुढचा पदर पायात येतो. अशा ठिकाणी पाँचो काढून बॅगेत टाका आणि भिजा. तासभर भिजलेलं अंग वाळतं. शिडीवर अडकलेला पाय सावरेलच याची खात्री नसते.

कापड कोणतं घ्यायचं?

तीन पर्याय डोळ्यांसमोर ठेवा.

पहिला, बाजारात सहज मिळणारं पीयू (पॉलियुरेथेन) लेप दिलेलं पॉलिएस्टर. छत्र्या, बॅगांची कव्हरं, स्वस्त रेनकोट यातूनच होतात. दुकानदार त्याला '१९० टी' वगैरे म्हणतात. एका इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून तो आकडा होतो. लेपासकट याचं वजन चौरस मीटरला साधारण ७५ ग्रॅम भरतं. पहिला पाँचो याच कापडाचा शिवा. स्वस्त पडतं, सुईखाली कमी सरकतं आणि चुकलं तरी जीव हळहळत नाही.

दुसरा, सिलनायलॉन, म्हणजे दोन्ही बाजूंनी सिलिकॉन मुरवलेलं नायलॉन. वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या घरात. ओढायला चिवट, मुठीत मावणारं, पण अतिशय निसरडं. नायलॉन पाणी पितं, त्यामुळे ओलं झाल्यावर थोडं सैलावतं. पाँचोला त्याने काही बिघडत नाही.

तिसरा, सिलपॉली. सिलिकॉन तेच, पण धागा पॉलिएस्टरचा. वीस डेनियरच्या कापडाचं वजन ४० ते ४५ ग्रॅम. (डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा जितका लहान तितका धागा बारीक.) भिजल्यावर सैलावत नाही आणि झटकलं की लवकर सुकतं. दुसऱ्या पाँचोपासून मी हेच वापरते. दोन्ही सिलिकॉनची कापडं गल्लीतल्या दुकानात क्वचित मिळतात, बहुधा ऑनलाइन मागवावी लागतात.

'श्वास घेणाऱ्या' महागड्या कापडाच्या मागे लागू नका. आतली वाफ बाहेर जायला आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पात फरक लागतो. जुलैतल्या सह्याद्रीत बाहेरची हवाच ओथंबलेली असते, तिथे त्या कापडाचा फारसा उपयोग होत नाही. पाँचोला हवा खालून मिळते, तेवढी पुरते.

कापडावर '२००० मिलिमीटर' लिहिलेलं असतं, ते काय?

त्या कापडावर २००० मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पलीकडे झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. बॅगेच्या पट्ट्यांखाली दबणाऱ्या कापडाला मोठा आकडा हवा. पाँचोवर तो दाब नसतो, म्हणून १५०० ते २००० भरपूर झाले.

दुकानात आकडा लिहिलेला नसेल तर पारख कशी करायची?

कापड ओठांना घट्ट लावून जोरात फुंका. पलीकडे धरलेल्या तळव्याला हवा लागली, तर लेप नाही किंवा अगदीच पातळ आहे. मग चिकटपट्टीचा तुकडा लावून बघा. पीयूवर तो चिकटतो, सिलिकॉनवरून सुटून येतो. दोन्ही बाजू तपासा. पुढे शिलाई कशाने बंद करायची ते यावरच ठरतं, म्हणून ही तपासणी टाळू नका.

वीतभर नमुना मिळाला तर घरी पातेल्यावर झोळीसारखा बांधा, वाटीभर पाणी ओता आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी खालून अंगठ्याने चोळा. बोट कोरडं राहिलं, तर ते कापड बिनधास्त घ्या.

किती कापड लागेल, आणि पाँचोचं वजन किती भरेल?

आधी बॅग भरा. खरीखुरी, पाण्याच्या बाटल्यांसकट. ती पाठीवर चढवून सरळ उभे राहा आणि घरातल्या कुणाच्या तरी हातात टेप द्या. पुढचं माप मानेजवळच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. मागचं माप त्याच बिंदूपासून, पण बॅगेच्या माथ्यावरून घेत खाली गुडघ्याच्या मागच्या लवणापर्यंत. माझी उंची मध्यम, बॅग ४५ लिटरची. पुढे ९५ आले, मागे १३०. म्हणजे एकट्या बॅगेने ३५ सेंटिमीटर खाल्ले. विकतच्या बऱ्याच पाँचोंत हेच माप धरलेलं नसतं, म्हणून तो पाठीमागे कमरेपर्यंत वर ओढला जातो.

९५ आणि १३० मिळून २२५. दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी ४ धरले की २२९. टोपीसाठी साठेक सेंटिमीटर वेगळे. थोडंफार चुकायला जागा ठेवून मी तीन मीटर कापड घेते, पन्हा (कापडाची रुंदी) ५८ इंची, म्हणजे १४७ सेंटिमीटर.

अंग आणि टोपी मिळून साधारण ३.७ चौरस मीटर कापड लागतं. सिलपॉलीचा पाँचो दोरा, बटणं, नाडी धरून २०० ग्रॅमच्या आत-बाहेर बसतो, पीयू पॉलिएस्टरचा ३०० च्या आसपास.

कापडाचा पन्हा लहान असेल तर?

४४ इंची पन्ह्यात हात कोपराच्या थोडा खालपर्यंतच झाकले जातात. काहींना तेवढं चालतं. रुंदी वाढवायचीच असेल तर दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडा. मधोमध जोड मात्र कधीही देऊ नका. डोकं आणि खांदे ही पाऊस थेट झेलणारी जागा. तिथे सुईचं भोक जितकं कमी, तितकं बरं. अख्खा पाँचो एका सलग कापडाचा असतो आणि खांद्यावर शिलाईच नसते, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. खिसा, शोभेची पट्टी, छातीवरची चेन असलं काहीही वरच्या भागात लावायचा मोह झाला तर हे आठवा.

गळ्याचं भोक नेमकं कुठे आणि केवढं?

सगळ्यात जास्त कापडं इथे वाया जातात. माझ्या पहिल्या पाँचोला मी कापडाची मधोमध घडी घातली आणि घडीवरच गळा कापला. कुर्त्याला तसाच कापतात ना! अंगात घातल्यावर पुढचा पदर नडगीपर्यंत लोंबत होता आणि मागचा जेमतेम बॅगेच्या बुडापर्यंत पोचत होता. भोक एकदा पडलं की पुढे-मागे सरकवता येत नाही.

म्हणून खांद्याची रेघ पुढच्या काठापासून मोजा. माझ्या मापात ९५ अधिक दुमडीचे २, म्हणजे ९७ वर. ती रेघ खडूने आखा आणि पन्ह्याचा मध्य तिच्यावर खूण करून ठेवा. आता लांबट गोल काढा : खांद्याच्या रेघेच्या पुढे १५, मागे ७, रुंदी मधोमध १५. मान पुढच्या बाजूला झुकलेली असते, म्हणून पुढे जास्त. हे झालं कापायचं माप. एक सेंटिमीटर माया (शिलाईबाहेर सोडलेलं कापड) धरून टीप मारली की शिलाईच्या रेघेवर गळा २४ बाय १७ होतो आणि त्याचा घेर साधारण ६५ सेंटिमीटर येतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर बहुतेक वेळा ५५ ते ६० मध्ये असतो, तेव्हा डोकं आरामात जातं. केसांचा मोठा अंबाडा असेल तर घेर ३-४ सेंटिमीटरने वाढवा.

कापायच्या आधी हे सगळं एका जुन्या चादरीवर करून बघा. चादर अंगात घालून, बॅग चढवून, घरात चार पावलं चाला, खाली वाका, बुटाची नाडी बांधा. ज्या चुका व्हायच्या त्या चादरीवर होऊन जाऊ देत.

टोपी कशी कापायची?

दोन तुकड्यांच्या टोपीला डोक्याच्या मधोमध शिलाई येते, म्हणजे पाऊस पडतो तिथेच. तीन तुकड्यांची करा : दोन बाजू आणि मधली पट्टी. बाजूचा तुकडा खाली २९ रुंद, ४० उंच, मागच्या वरच्या कोपऱ्याला गोलाई दिलेला. त्या २९ मधला एक मागच्या शिलाईत जातो, दोन पुढच्या नाडीच्या दुमडीत, उरतात २६. मधली पट्टी १५ रुंद कापली की शिवून १३ होते. २६, २६ आणि १३ मिळून ६५, म्हणजे गळ्याचाच घेर. पट्टीची लांबी आकड्यावरून ठरवू नका. बाजूच्या तुकड्याची वरची कड आणि मागची गोलाई टेप उभा धरून मोजा आणि त्यात पाच सेंटिमीटर वाढवा. जास्तीचं शेवटी कापता येतं.

टोपी गळ्याला जोडताना सुलट बाजू आतल्या बाजूला घेऊन जोडा, गळ्याच्या मायेला दर दोन सेंटिमीटरवर छोटे छेद द्या (टिपेपर्यंत नको, ३-४ मिलिमीटर आधी थांबा) आणि माया वर, टोपीकडे वळवून दुसरी टीप मारा. असं केल्यावर टोपीचं कापड अंगाच्या कापडावर बाहेरून चढतं. कौलं अशीच लावतात, वरचं खालच्यावर. पाणी फटीत न शिरता पुढे घरंगळून जातं.

पुढच्या काठात नाडी घाला. टोपीखाली झापाची साधी कॅप घाला. टोपी डोक्याबरोबर वळते, चष्म्यावर थेंब येत नाहीत आणि कडक झाप शिवायची खटपट वाचते.

घरच्या मशीनवर जमेल का? सुई-दोरा कोणता?

जमतं. माझे तिन्ही पाँचो पायाच्या जुन्या मशीनवर झाले. सुई ११ नंबरची आणि कोरी करकरीत. बोथट सुई धागा चिरत जाते आणि भोक मोठं पाडते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ओलाव्यात कुजतो. टाका मोठा ठेवा, तीन ते साडेतीन मिलिमीटर. बारीक टाके म्हणजे जास्त भोकं, आणि कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेघेवर फाटतं.

टाचण्या नकोत. लेप दिलेल्या कापडावर टाचणीचं भोक बुजत नाही. कागदपत्रांना लावतात त्या क्लिपा वापरा. कापड सरकत असेल तर खाली पातळ बटर पेपरची पट्टी धरा आणि शिवून झाल्यावर ओढून काढा. मागे एक हात, पुढे एक हात, कापड हलकं ताणून धरायचं. पहिल्या वीतभरात टीप वाकडी येते, मग हात बसतो. उसवून परत शिवायच्या भानगडीत पडू नका, जुनी भोकं तशीच राहतात. वाकडी टीप पाणी अडवायला सरळ टिपेइतकीच चांगली.

मशीन नसेल तर?

हाताने शिवा. खरं तर शिलाई थोडीच आहे. लांबीच्या दोन्ही बाजू कापडाच्या मूळ किनारीच असतात, त्या तशाच सोडल्या तरी चालतं. उरले पुढचा आणि मागचा काठ मिळून तीन मीटर, टोपी आणि गळ्याचे दोनेक मीटर. काठाला धावदोरा पुरे. गळ्याला आणि टोपीला मात्र उलट टाका घाला, दुहेरी दोऱ्याने. दोन-तीन संध्याकाळी जातील.

शिंप्याकडून शिवून घेतला तर?

घ्या की. त्याला तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा : टाचण्या लावू नका, टाका मोठा ठेवा, इस्त्री फिरवू नका. गळा स्वतः आखून, कापून द्या.

शिलाईतून पाणी येतं, ते कसं बंद करायचं?

कापड पीयूचं असेल तर लेपाची बाजू आत ठेवून शिवलेलं असतं. त्या आतल्या बाजूने शिलाईवर सीम टेप (उष्णतेने चिकटणारी पट्टी) लावा. मधे सुती फडकं ठेवून अगदी कोमट इस्त्रीने दाबा. आधी कातरणीवर प्रयोग करा, कारण इस्त्री जराशी जास्त तापली तरी कापड आक्रसतं.

सिलिकॉनच्या कापडावर टेप टिकत नाही. त्याला सिलिकॉनच लागतं. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक, शंभर टक्के सिलिकॉनची नळी आणा (अ‍ॅक्रिलिकची नको). थोडं सिलिकॉन जुन्या वाटीत काढून त्यात मिनरल टर्पेंटाइन घालत घालत घोटा. काकवीइतकं पातळ झालं की जुन्या ब्रशने शिलाईवर बाहेरून पातळ थर द्या, भोकाभोकांत मुरेल असा. गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी बसा, जवळपास गॅस, उदबत्ती काही नको. पूर्ण एक दिवस वाळू द्या. नंतर चिकटपणा राहिला तर वरून थोडी टाल्कम पावडर भुरभुरा.

गळ्याची शिलाई दोनदा करा. बाकी टोपीच्या दोन शिलाया. खालच्या काठाला काहीच लागत नाही.

डोंगराच्या धारेवर वाऱ्याने पाँचो डोक्यावर उडतो. उपाय?

पाँचोविषयीची सगळ्यात खरी तक्रार हीच. धारेवर आणि कड्याकाठी वारा दरीतून वर येतो आणि पदर तोंडावर आपटतो. त्यावर तीन मीटर बारीक दोरी हा माझा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. पुढून पाँचोच्या बाहेरून आणि मागून आतून, पाठ आणि बॅगेच्या मधून घेऊन कमरेला बांधायची. पुढचा पदर अंगाशी राहतो आणि मागचा बॅगेवर मोकळा पडतो. मागच्या काठाला आतून इलॅस्टिकचे दोन फास शिवा आणि ते बॅगेच्या खालच्या पट्ट्यांत अडकवा.

बाजूंना प्रत्येकी दोन-तीन टिचबटणं लावली की बाहीसारखा आकार येतो. शिवून लावायची घ्या आणि पाठीमागे कापडाचा दुहेरी तुकडा ठेवा, नाहीतर पहिल्याच झटक्याला कापडासकट निघून येतात. वेल्क्रो नको, त्यात चिखल भरतो.

घालूनही आत ओल जाणवते. गळतोय का?

बहुतेक वेळा तो घाम असतो. चढावर वाफ कापडाला आतून लागते आणि थेंब जमतात. खात्री करायची तर पाँचो घालून न हलता दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहा. कोरडे राहिलात तर शिलाई ठीक आहे. चढावर बाजूची बटणं उघडी टाका, पाऊस रिमझिम झाला की टोपी मागे करा. गुडघ्याखाली पाय भिजणारच, ते धरूनच चाला. आणि बॅगेत कपड्यांना वेगळी प्लास्टिकची पिशवी हवीच, पाँचो कितीही चांगला असला तरी.

रात्री तंबूसारखा ताणता येईल का?

चार कोपऱ्यांना पट्टीचे फास शिवले तर जेवणापुरतं छप्पर होतं. १४७ सेंटिमीटर रुंदीत पावसाळी रात्र निभत नाही.

रंग?

नारिंगी किंवा पिवळा. धुक्यात पन्नास पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो, तेव्हा करडा आणि हिरवा रंग काही कामाचा नाही.

धुणं आणि ठेवणं?

सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. ओला पाँचो घडी करून ठेवला की बुरशी धरतो. पीयूचा लेप दमट कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला तर चिकट होतो आणि त्याला वास येतो. असा लेप परत नीट करता येत नाही. गणपती आटोपले की एकदा कडकडीत वाळवून सैल घडीने ठेवा. चुलीशी आणि स्टोव्हशी पाँचो घालून बसू नका. हे कापड वितळतं आणि कातडीला चिकटतं.

करवंदीच्या जाळीत फाटला तर?

वाटेत स्वच्छ पुसून, कोरडा करून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. पीयूवर ती घरी पोचेपर्यंत टिकते. सिलिकॉनवर टिकत नाही, तिथे दोन टाके घालून वेळ मारून न्या. घरी आल्यावर सिलिकॉनच्या कापडाला त्याच कापडाचा गोल तुकडा सिलिकॉननेच चिकटवा. चौकोनी नको, त्याचे कोपरे उचलले जातात.

उरलेल्या कापडाचं काय करू?

टोपी कापून झाल्यावर हातभर तुकडा उरतो. त्याची नाडी ओढायची छोटी पिशवी शिवा, पाँचो जेमतेम मावेल एवढी, आणि तिला बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको. तळव्याएवढे दोन गोल कापून त्याच पिशवीत टाका, एक सुई आणि थोडा दोराही.